वॉरंटीचे अकरा दिवस

कंपनीनं मला फसवलं आणि मी वसुधाअक्कांना फसवलं. दोन्ही फसवणुका एकाच दुपारी, कोरमंगलाच्या एकाच काउंटरवर झाल्या. पहिलीबद्दल मी वर्षभर भांडतो आहे. दुसरीबद्दल आजवर कुणाशी बोललो नव्हतो.

आमच्या मंडळाच्या संपादकांनी मला दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या. गमती पुष्कळ आहेत, त्यातल्या दोन-तीन सांगतोही. पण लिहायला बसलो की हात त्याच काउंटरकडे जातो, त्याला माझा इलाज नाही.

माझं दुकान एस. पी. रोडच्या एका आडगल्लीत आहे. दुकान म्हणजे एक टेबल, मागे फळ्या आणि पुढे एक स्टूल. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला गल्लीत उभं राहावं लागतं. आमचं घराणं कुठल्याशा मराठी सैन्याबरोबर इकडे कन्नड मुलखात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, आणि मी सतराव्या वर्षी फुटपाथवर घड्याळाचे सेल विकायला बसलो. मला कुणी भांडवल दिलं नाही, कुणी धंदा शिकवला नाही. शिकवलं ते फसवणाऱ्यांनी. त्यांचे मात्र माझ्यावर उपकार आहेत.

मी विकतो ती खिशात मावणारी, नोंदी घेण्याची यंत्रं. पूर्वी त्यांना डिजिटल डायरी म्हणायचे. वकील, विमा एजंट, लग्नं जमवणारे भटजी, सगळे घेऊन जायचे. मग फोन आला. फोनमध्ये डायरी आली, घड्याळ आलं, कॅल्क्युलेटर आला, आणि गल्लीतल्या सगळ्या दुकानांनी फोनची कव्हरं टांगली. मी टांगली नाहीत. हट्ट म्हणा. मधली काही वर्षं अशी गेली की दिवसाकाठी स्टुलावर बसायचं ते फक्त गल्लीतलं मांजर. आता पुन्हा लोक येतात. थोडेच येतात, पण प्रत्येकाला काहीतरी कारण असतं.

आनेकलच्या एका कारखान्यातला सुपरवायझर आला होता. त्यांच्या गेटवर कॅमेऱ्याचा फोन काढून घेतात. हा बाबा मशीनचे आकडे तळहातावर पेनानं लिहायचा आणि ऑफिसपर्यंत पोचेस्तोवर निम्मे आकडे गायब. म्हणाला, "अण्णा, घामानं पुसणार नाही असं काहीतरी द्या." त्याला मी बटणांची जुनी डायरी दिली, पाण्याच्या बाटलीच्या भावात. आता त्याच्या शिफारशीवरून त्या कारखान्यातले सगळे सुपरवायझर माझ्याकडे येतात आणि सगळे पाण्याच्या बाटलीचाच भाव मागतात.

बेळ्ळंदूरचा एक मॅनेजर आला. त्याचा फोन टेबलावर सारखा थरथरत होता. त्याला फक्त लिहिता येईल, दुसरं काही येणार नाही असं यंत्र हवं होतं. दिलं. पंधरा दिवसांनी परत आला.

"यात काहीच येत नाही."

"तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"हो. पण काहीच येत नाही हो."

मी विकलेला माल परत घेत नाही. चहा मागवला. तो स्टुलावर अर्धा तास बसला आणि यंत्र खिशात घालून गेला.

स्वस्तातलं यंत्र कसं निवडावं, ते मी तीन गोष्टींत सांगतो. एक, ते दाराशी उन्हात न्यायचं. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच पडदे छान दिसतात. दोन, उभ्यानं लिहून बघायचं. मी भाजीची यादी भरभर म्हणतो, गिऱ्हाइकानं ती यंत्रात उतरवायची. माझी यादी संपल्यावर तो अजून कोथिंबिरीपाशीच असेल, तर ते यंत्र त्याचं नव्हे. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वस्तू स्वस्त असते तेव्हा तिच्यातून काहीतरी काढून घेतलेलं असतं. काय काढलं आहे ते आधी विचारायचं. जे काढलंय त्याची आपल्याला गरज नसेल तर भाव चांगला, असेल तर फुकटसुद्धा महाग. हे मी हजार गिऱ्हाइकांना बजावलं असेल.

पाटणकरांनाही बजावलं होतं.

पाटणकर सरकारी कारखान्यातले इंजिनिअर, साताऱ्याकडचे. निवृत्त झाले त्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात लहान मुलांची पाटी होती. प्लॅस्टिकची, काडीनं लिहायचं आणि बटण दाबलं की कोरी. वसुधाअक्का बरोबर होत्या. त्यांना मी अक्का म्हटलं तर हसल्या. म्हणाल्या, "इथं आल्यापासून मी सगळ्यांची थोरली झाले आहे." मग कामाचं बोलल्या, "यांना खिशात बसेल अशी वही हवी आहे, विजेवरची. स्वस्तातली. ही पाटी घेऊन बँकेत गेलो तर तिथला माणूस यांच्याशी लहान मुलासारखा बोलतो."

पाटणकरांनी पाटीवर लिहिलं, 'ती बोलते जास्त. माझ्यापुरती छोटी चालेल.' आणि बटण दाबून पुसून टाकलं.

मी तळहाताएवढं एक यंत्र काढलं. काळा-पांढरा पडदा, बारीक लेखणी. आपल्याच अक्षरात लिहायचं, त्यामुळे मराठीची अडचण नाही. बटण दाबलं की पान साठतं आणि पुढचं कोरं पान येतं. दोन वर्षांची वॉरंटी. स्वस्त का, तर त्यात नेटवर्क नव्हतं. लिहिलेलं त्या डबीच्या बाहेर कुठेही जात नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं आणि भाजीची यादी सुरू केली, "वांगी पाव किलो, भेंडी अर्धा किलो, गवार..."

पाटणकरांनी यादी उतरवलीच नाही. पडदा माझ्यापुढे धरला. 'वांगी मला आवडत नाहीत.'

मग भाव. वसुधाअक्कांसारखी घासाघीस करणारी बाई मी गल्लीत पाहिलेली नाही. मी आवाज चढवला की त्या आवाज खाली आणायच्या, त्यामुळे मला वाकून ऐकावं लागायचं, आणि वाकलेल्या माणसाला भाव धरून ठेवता येत नाही. आमचं चाललेलं असताना पाटणकरांनी दुसरं पान आम्हा दोघांच्या मध्ये धरलं. 'दमलात की सांगा. मी चहा आणतो.'

"भरलं की जुनी पानं पुसत जा," मी सांगितलं.

"पुसायची कशाला?" अक्का म्हणाल्या. "छत्तीस वर्षांत एकदा तरी यांचं बोलणं लेखी मिळतंय. पुरावा म्हणून राहू दे."

त्यानंतर दर महिन्याला इस्पितळातून परतताना ते माझ्याकडे येऊ लागले. मग दर आठवड्याला. अक्का पुढे मार्केटात जायच्या आणि पाटणकर स्टुलावर बसायचे.

मी एकटा राहतो. बायको माझ्या तोंडाला कंटाळून मुलीकडे मैसूरला गेली ती तिथेच रमली. तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. मी जन्मभर समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. पुरं होऊ दिलं की भाव वाढतो, हे मी फुटपाथवर शिकलो होतो. पण लिहिणाऱ्या माणसाचं वाक्य तोडता येत नाही. तो मान खाली घालून लिहीत असतो, आणि आपल्याला त्याच्या हाताकडे बघत थांबावं लागतं. पाटणकर लिहीत असले की मी गप्प बसायचो. शेजारचा कव्हरवाला म्हणायचा, "मानोजण्णा, तब्येत बरी नाही का?"

आम्ही फार काही थोर बोलत नव्हतो. मी गिऱ्हाइकांना शिव्या द्यायचो, ते एका ओळीत निकाल द्यायचे. एकदा मी एका कॉलेजातल्या मुलीवर ओरडलो. ती गेल्यावर त्यांनी लिहिलं, 'भाव तुम्ही जिंकलात. ती परत येणार नाही.' मी म्हटलं, न येऊ दे. त्यांनी खाली लिहिलं, 'तुमच्याकडे येणारे किती जण आहेत?'

त्यावर मी दोन दिवस चिडलेला होतो.

गेल्या वर्षी पाटणकर गेले. दोन महिन्यांनी वसुधाअक्का एकट्या आल्या आणि स्टुलावर बसल्या. पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं यंत्र काढलं.

"परवापासून चालू होत नाही."

"रोज चालवत होता?"

"संध्याकाळी चार-पाच पानं वाचते. जास्त नाही. संपतील म्हणून."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं, "काय असतं त्यात?"

"काय असणार? भेंडीत मीठ जास्त. हे तीन वेगवेगळ्या दिवशी." त्या हसल्या. "उलट उत्तर मी देते, मोठ्यानं. शेजारच्या बाईंना वाटतं फोनवर बोलते."

यंत्राची पाठ किंचित फुगली होती. बॅटरी गेली होती, बाकी सगळं जागेवर होतं. लक्षात घ्या, हे काम माझ्या हातचं होतं. पाठ थोडी गरम करायची, पात्यानं उचलायची, जुनी बॅटरी सोडवायची आणि दुसरी जोडायची. तासाभराचं काम. पानं वेगळ्या चिपवर असतात, बॅटरी नसतानाही ती जात नाहीत. अशी शेकडो यंत्रं मी याच टेबलावर उघडली आहेत.

पण मी बिल काढून बघितलं. वॉरंटीचे अकरा दिवस शिल्लक होते.

धंद्यातल्या माणसालाच हे कळेल. अकरा दिवस शिल्लक असताना स्वतःच्या हातानं पाठ उघडायची म्हणजे कंपनीला सोडून देणं. फुगलेली बॅटरी हा त्यांचा दोष, तो त्यांनीच निस्तरायला हवा. मी म्हणालो, "अक्का, मी उघडलं तर वॉरंटी जाते. कंपनीकडून फुकटात करून आणतो. त्यांच्या नरड्यावर पाय देऊन आणतो."

"पैसे लागले तर लागू देत," त्या म्हणाल्या. "फक्त सांभाळून आणा."

कंपनीचं सर्व्हिस सेंटर कोरमंगलात आहे. काचेचं दार, आत गारवा, खुर्च्यांवर कानात गाण्यांच्या गोळ्या घातलेली पोरं. काउंटरवरच्या मुलीनं यंत्र हातात घेतलं, संगणकात पाहिलं आणि हिंदीत सांगितलं, बॅटरी शिलकीत नाही, तीन आठवडे लागतील. मी विचारलं, तीन आठवड्यांनी वॉरंटी संपली असेल, तेव्हा काय म्हणाल? ती म्हणाली, "तब देखेंगे, सर."

'तब देखेंगे' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. मी आवाज लावला. कानात गोळ्या घातलेल्या पोरांनी गोळ्या काढल्या. आतून गळ्यात निळा पट्टा घातलेला मॅनेजर आला. वय तिशीचं, बोलणं गोड.

"सर, शांत व्हा. बॅटरी नाहीच आहे आमच्याकडे. असं करू या, आम्ही तुम्हाला नवीन पीस देतो. हा जमा करा, नवीन घेऊन जा. आत्ता."

दोन वर्षं वापरलेल्या यंत्राच्या बदल्यात कोरं करकरीत यंत्र. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या धंद्यात मला इतका चांगला सौदा मिळाला नव्हता. मी विचारलं. नाही असं नाही, विचारलं मी. "पुराने में जो लिखा है, वो?"

"सब आ जाएगा, सर. आजकल सब आ जाता है."

मला ठाऊक होतं. त्या यंत्रातून काय काढलेलं आहे ते मीच लोकांना सांगत होतो. त्यातलं लिहिणं कुठेच जात नव्हतं, मग ते कुठून येणार होतं? दुकानात कुणी गिऱ्हाईक असं बोललं असतं तर मी त्याला अर्धा तास सुनावलं असतं. पण त्या क्षणी माझ्या कानात एकच शब्द होता, नवीन. मी त्यानं पुढे केलेल्या टॅबच्या काचेवर बोटानं सही केली. वर काय लिहिलं होतं ते वाचलं नाही, कारण मी तेव्हा नव्या यंत्राबरोबर कव्हर आणि एक जादा लेखणी फुकट द्या म्हणून भांडत होतो. तीही मिळाली.

रिक्षात बसल्यावर मी ड्रायव्हरलासुद्धा हा पराक्रम सांगितला.

संध्याकाळी तसाच अक्कांच्या घरी गेलो. दोन मजले चढून. खोका त्यांच्या हातात ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली, मॅनेजरच्या आवाजासकट. त्यांनी चष्मा लावला, यंत्र चालू केलं. कोरं पान आलं. मागच्या पानाचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग यंत्र उलटं करून पाठ बघितली, त्यावर अंगठा फिरवला.

"मानोजीराव, हे आमचं नाही."

"नवीन आहे, अक्का. जुनं जमा करून घेतलं त्यांनी. ते म्हणाले, सगळं येईल."

"कुठून?"

मला तेव्हाच समजलं होतं.

"तुमच्या खिशात फोन होता ना?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता, भाव करतानाचाच. "बदलून घेऊ का, असं मला विचारलं का नाही?"

दुसऱ्या दिवशी सेंटर उघडायच्या आधी मी दारात होतो. जमा केलेला माल रोज संध्याकाळी गाडीनं जातो, असं मुलीनं सांगितलं. कुठे? आनेकलच्या बाजूला एक शेड आहे, तिथे. मॅनेजर 'मीटिंगमध्ये' होता. मी मार्केटातून बस धरली. आनेकलला उतरून तीन जणांना विचारत शेड शोधून काढली. समोर नाचणीचं शेत, गेटवर वॉचमन, आत यंत्रांच्या पाट्याच्या पाट्या. मी ओरडलो नाही. वॉचमनला हात जोडले. आयुष्यात मालासाठी मी कुणाला हात जोडलेले नाहीत.

आतला फोरमन माझ्याच वयाचा होता. त्यानं मला सावलीत बसवलं, पाणी दिलं, आवकीची नोंदवही बघितली. कन्नडमध्ये म्हणाला, "कोरमंगलाची गाडी काल रात्रीच उतरली, अण्णा. आल्या आल्या बॅटरी काढतात आणि आतला गाभा मशीनमधून भरडतात. गिऱ्हाइकाचं खासगी काही दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. नियम आहे तसा."

त्यानं पाटीतला चुरा मुठीत घेऊन दाखवला. हिरवट, खड्यांसारखा.

"काय होतं त्यात? बँकेचं काही?"

"नाही. एका माणसाचं बोलणं होतं."

"रेकॉर्डिंग?"

"नाही. तो लिहून बोलायचा."

तो "सरी" म्हणाला, म्हणजे बरं, आणि त्यानं मूठ पाटीत रिकामी केली.

तेव्हापासून मी कंपनीला पत्रं लिहितो आहे. इंग्रजीत, मराठीत, कन्नडात. उत्तर येतं ते यंत्राचंच: आपली तक्रार निकाली काढली आहे, आपण समाधानी आहात का, एक ते पाच तारे द्या. मी माझी सही मागितली. त्यांनी पाठवली. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं की जुन्या यंत्रातला मजकूर नष्ट केला जाईल आणि ग्राहकाला हे मान्य आहे. खाली माझं बोटानं काढलेलं वेडंवाकडं नाव. त्या कागदापुरती कंपनी खरी आहे. पण त्या कागदाच्या आधी एका माणसानं तोंडानं मला काहीतरी सांगितलं होतं, आणि ते कुठल्याच कागदावर नाही.

वसुधाअक्का दुकानात येत नाहीत. त्यांनी नवं यंत्र कुरियरनं परत पाठवलं, कव्हर आणि जादा लेखणीसकट. चिठ्ठी नव्हती. मी ते विकलेलं नाही. स्टूल पुष्कळदा रिकामं असतं. गिऱ्हाइकं येतात, मी भाव सांगतो, ती जो म्हणतील त्याला हो म्हणतो. शेजारचा कव्हरवाला आता तब्येतीचं विचारतही नाही.

माझ्या वाट्याचं मी वर लिहिलं आहे. लपवलेलं नाही. आता दुसरा वाटा.

निळ्या पट्ट्याचे मॅनेजरसाहेब, तुमचं नाव मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. तुम्ही 'सब आ जाएगा' म्हणालात तेव्हा तुम्हाला यंत्राची माहिती नव्हती, की माहिती होती आणि मला दारातून बाहेर काढायचं होतं? मला पैसे नकोत, दुसरं यंत्र नको, तारे नकोत. एका रविवारी माझ्या दुकानात या. मी ओरडणार नाही. इथून आपण दोघं अक्कांच्या घरी जाऊ. दोन मजले आहेत, लिफ्ट नाही, पुढे तुम्ही चढायचं. त्या दार उघडतील तेव्हा काय बोललात आणि का बोललात, ते तुमच्या तोंडानं त्यांना सांगायचं. त्यानंतर माझी पाळी. एकट्यानं तो जिना चढायला मी तीनदा गेलो आणि तीनदा खालून परत आलो. म्हणून विचारतो, कधी येता?